एक सूत

गाडी आली तेव्हा मी ट्रॉलरचा शाफ्ट लेथवर चढवत होते.
मिरकरवाड्याच्या उतारावर ती आधी ऐकू आली,
मग दिसली: दोन माणसांची, पिवळी,
पोट इतकं खाली की कोळंबीची पाटीही तिनं वळसा घालून टाळली.
"मिस्त्री कुठायत?" सौमित्र खातूनं विचारलं.
मी हात पुसले. या प्रश्नाला मी एवढंच उत्तर देते.

त्याला चाकं बाहेर हवी होती.
"आत बुडाल्यासारखी दिसतात. वीस एमेमचे स्पेसर द्या, चारी चाकांना."
मोबाइलवर फोटो दाखवला,
कुठल्यातरी बर्फाळ गावातली हीच गाडी,
टायर आणि पत्रा एका रेषेत,
मध्ये ब्लेडही जाऊ नये.

वीस म्हणजे सव्वासहा सूत.
बाबा सुतात मोजायचे. मीही आधी सुतातच ऐकते,
मग व्हर्नियर काढते.

मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला,
गवंड्याचा, पितळी, चिऱ्याच्या भिंतीला लावतात तो.
खारा वारा. दोरा थांबेना.
म्हटलं, श्वास धर, मीही धरते.
पुढे बारा बसत होते, मागे पंधरा.

पण ती रिकामी गाडी.
रिकाम्या होडीची पाणरेषा बघून कुणी माल भरत नाही.
मागे पंधराच्या कच्च्या चकत्या लावल्या,
अश्फाकला आत बसवलं, त्याचे दोन भाऊ डिकीवर,
वर जाळ्याची शिसं, चाळीस किलो.
कमानीत पेपरची पट्टी चिकटवली होती,
आंबा घाटातला खड्डा यावा तशी गाडी दाबली.
पट्टी फाटून आली, राशिभविष्याच्या मधोमध,
कर्क इकडे, सिंह तिकडे.

"मागेही बारा," मी म्हटलं.
तो असा बघत राहिला
की मी त्याच्या अंगणातून तीन हात कापून घेतले असावेत.
तीन एमेम. पुरतं एक सूतही नाही.
धक्क्याच्या बाजूला होड्या लागल्या होत्या, त्यांच्या उलांड्या दाखवल्या.
हातभर जास्त बाहेर काढलेली उलांडी
लाट बांधासकट उपटून नेते, हे त्याला ठाऊक होतं.
त्याचे आजोबा त्यातच होते, म्हणाला, आणि गप्प झाला.

ओठ कशाला, हेही त्यानं विचारलं.
चकतीच्या मध्यावर उठलेला तो गोल ओठ, चाक ज्यावर बसतं.
ओठाशिवाय निम्म्या वेळात होईल ना?
होईल.
बाबांच्या माघारी पहिल्याच वर्षी
'दर्यादौलत'च्या कपलिंगला मी ओठ कापला नव्हता.
बोल्ट धरतील म्हटलं.
बोल्ट धरतात. त्यांनी वजन उचलायचं नसतं.
जयगडच्या बाहेर, रात्री, सात माणसं, दीड दिवस.
सगळी परत आली.
तांडेल एक शब्द बोलला नाही,
तुटलेले बोल्ट माझ्या टेबलावर ओतून गेला.

साडेबहात्तर, वर केसभर.
चुरा निघाला, खोबऱ्याच्या किसासारखा, ऊन ऊन.

बोल्ट आता बारा एमेम लांब हवेत.
आठ आटे आत गेलेच पाहिजेत, बोटानं फिरव, मोज.
त्यानं मोजले. सहावर चुकला. पहिल्यापासून मोजले.
लोखंड आणि अॅल्युमिनियम, मध्ये ही हवा:
पावसाळा सरेतो लग्न लागतं,
मग हातोड्यानंही काडीमोड होत नाही.
म्हणून ग्रीस, तेही नखभर.
टॉर्क पाना एकशेवीसला कटकन बोलला,
पाचदा, चांदणी काढतात त्या क्रमानं.

"ऐंशी किलोमीटर झाले की परत ये."
मला वाटलं येणार नाही.

सातला आला, आडिवऱ्यापर्यंत जाऊन.
चार बोल्ट लगेच बोलले.
पाचवा किंचित फिरला, मग बोलला.
त्यानं ते पाहिलं.
मी पाहिलं की त्यानं पाहिलं.

नंतर तो मागच्या चाकाशी उकिडवा बसला,
पत्रा आणि टायर यांच्यातल्या फटीत बोट घालून.
बोट आत गेलं, वाळू लागून बाहेर आलं.
काही बोलला नाही. पैसे दिले.

शाफ्ट अजून लेथवरच होता,
आणि भरती पहाटे चारला.